डाव्या पायातला तोडा

१९५८ साली मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. सरपंचाचा गरिबीचा दाखला आणणाऱ्याला उपचार फुकट, असा नियम होता. सरपंच अख्ख्या गावालाच गरीब ठरवून मोकळे होत. म्हणून मी माझा एक नियम जोडला होता: अंगावर दागिना दिसला की दाखला बाद. सरकार मुंबईत बसतं, रांगेशी डोकं मला फोडावं लागतं.

एके दिवशी कळसाडीच्या जसोदाबाई लंगडत आल्या. हातात दाखला आणि डाव्या पायात अंगठ्याएवढा जाड चांदीचा तोडा.

"गरीब म्हणे," मी दाखला परत सरकवला. "आधी तो तोडा काढून या, बाई. मग फुकट उपचार मागा."

"तोच तं निंघत नही, भाऊ," बाई म्हणाल्या. "म्हनीसन तं उनू."

म्हणूनच तर त्या आल्या होत्या. तेव्हा कुठे मी नीट पाहिलं. पाय भोपळ्यासारखा सुजला होता आणि तोडा मांसात रुतला होता. डॉक्टर आतून सगळं ऐकत होते. त्यांनी शेजारच्या सोनाराची कानस मागवली आणि तोडा कापायला मलाच बसवलं. तासभर मी बाईंच्या पायाशी घाम गाळत होतो.

शेवटी तोडा निघाला. बाईंनी तो पदराला पुसला, पिशवीत टाकला आणि मोकळा पाय माझ्यापुढे धरला.

"आते देख," त्या म्हणाल्या. "लिख, पाय गरीब शे."