मी पुसलेली गुणगुण

जुना म्हणा, भंगार म्हणा, मी एक टॅब आहे मित्रांनो. कोपरा फुटलाय, पाठ रबरबँडनं बांधलीय. पण मला लाज वाटते ती त्याची नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा चकचकीत होतो. एका संस्थेनं मला घेतलं आणि पोटात ॲप घातलं. खेड्यापाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना जे ठाऊक आहे, ते त्यांच्याच आवाजात जपून ठेवायचं, हे माझं काम. ॲप बनवणारी मंडळी शहाणी. त्यांनी माझ्या कानात चाळणी बसवली. माणूस बोलला की ठेवायचं. वारा, पंखा, घरघर, सगळा कचरा म्हणून पुसायचं. पुसून झालं की हिरवी खूण दाखवायची, 'आवाज छान आला'. जाईन तिथं कौतुक व्हायचं. फुगलो होतो नुसता.

मग संस्थेतल्या ताईनं मला मधवाल्या आबांकडे नेलं. आबा झाडाच्या ढोलीतला मध काढायचे. धूर नाही, जाळ नाही. खोडाला कान लावायचा आणि आतली गुणगुण ऐकायची. जाड, सपाट असली तर हात घालायचा. बारीक, चिरकी झाली तर मुकाट घरी जायचं. त्यांचा डावा कान कधीच गेला होता, उजवाही निघायच्या तयारीत होता. मुलगा माशी दिसली की पळत सुटायचा. शिकायला तयार होती ती सून. कान पुरता जायच्या आत तिच्यासाठी गुणगुण साठवून ठेवायची, एवढ्यासाठी आबांनी मला घरात घेतलं. नाहीतर मला चुलीला वारा घालायला वापरलं असतं.

ताईनं मला खोडाला टेकवलं. आबा म्हणाले, या राजी आहेत, ऐका. मग गप्प राहिले. आत माशा घुमत होत्या. मग खोडावर टिचकी मारून म्हणाले, आता चिडल्या. पुन्हा गप्प. मी हिरवी खूण दाखवली. ताई खूश, मी तिच्याहून खूश.

घरी येऊन आबांनी मला उजव्या कानाला लावलं. त्यांचं बोलणं आलं, खणखणीत. पुढं काहीच नाही. पुन्हा बोलणं, पुन्हा काहीच नाही. माशा मी पुसल्या होत्या मित्रांनो, घरघर समजून. आबांनी ताईला विचारलं, आलंय का सगळं. तिनं माझी हिरवी खूण बघितली. ऐकून नाही बघितलं.

"छान आलंय, आबा."

आबांनी मला हळूच खाली ठेवलं. मध काढायचा दोर खुंटीला अडकवला. "माणसाचं ऐकू येतं, माशांचं नाही," ते म्हणाले. "गेला माझा कान. बहिऱ्यानं ढोलीत हात घालू नये."

मला तोंड असतं तर ओरडलो असतो. तोंड नव्हतं, खूण होती. ती हिरवीच राहिली.

सून पाणी घेऊन आली. खुंटीवरचा दोर तिनं बघितला आणि घागर उतरवून मला कानाला लावलं. बराच वेळ ऐकलं.

"मामंजी, मलाही काही येत नाही. आणि तुमच्या लेकाचं घोरणं मला भिंतीपलीकडून ऐकू येतं."

हाताला धरून तिनं त्यांना झाडाकडे नेलं. आबांनी खोडाला कान लावला. गुणगुण ऐकू आली, आणि ते तसेच उभे राहिले, डोळे मिटून.

ताईनं कपाळाला हात लावला. माझ्या पोटात कित्येक दिवस शोधशोध शोधल्यावर चाळणी बंद करायचं बटण सापडलं, कुठल्यातरी आतल्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात. तोवर माशा झाड सोडून गेल्या होत्या. त्या परत आल्या तेव्हा आबांचा उजवा कानही गेला होता.

पण त्या दिवसापासून माशा जाईपर्यंत सून रोज त्यांच्याबरोबर खोडाला कान लावत होती. माशा आल्यावर तिनं कान लावला आणि जे ऐकू आलं ते घशातून घुमवलं. आबांनी तिच्या गळ्यावर तळवा ठेवला.

"राजी आहेत," ते म्हणाले. "घाल हात."

मी तिथंच पिशवीत होतो, चाळणी काढलेला. मला कुणी सुरूच केलं नाही. बरोबर केलं.

मित्रांनो, कुणाचं काही जपून ठेवायला जाल तर आधी त्यालाच विचारा, यातलं काय पुसायचं नाही. आणि हिरवी खूण दिसली तरी एकदा कानाला लावून बघा.