भीती काढा, राग राहू द्या

आसावरी तायडे एडिसनजवळच्या एका गावात स्कूल बस चालवायची. अकरा वर्षं नवऱ्याच्या व्हिसावर घरात बसून काढल्यावर ग्रीन कार्ड आलं, आणि अकोल्याच्या या बाईने सगळ्यांच्या नाकावर टिच्चून मोठ्या गाडीचं लायसन्स काढलं. नवरा राजेश आयटीत. "ती स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये आहे," असं तो मित्रांना सांगायचा आणि बस हा शब्द गिळून टाकायचा. तिला मात्र बस मनापासून आवडायची. बेचाळीस पोरांची नावं तिला पाठ होती. कोण रुसून चढलंय, कुणाचा डबा घरी राहिलाय, हे तिला आरशातून कळायचं.

एकच स्टॉप तिला नको होता. रस्ता चार लेनचा, बसचं दार उजव्या बाजूला आणि पोरांची घरं रस्त्याच्या पलीकडे. बसचे लाल दिवे लागले, डावीकडचा थांबण्याचा फलक बाहेर आला, की दोन्ही बाजूंच्या गाड्यांनी थांबायचं असतं. सगळे थांबायचे नाहीत. बस पुढून वळवून पलीकडच्या बाजूला आणली, तर पोरांना रस्ता ओलांडावाच लागणार नाही, असा ईमेल तिने बस कंपनीला तीनदा केला. मॅनेजर व्हिन्सचं उत्तर तिन्ही वेळा सारखंच होतं: सात मिनिटं जास्त लागतील, रूटमध्ये बसत नाही.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी नऊ वर्षांची अनिका तिथे उतरली. आसावरीने दोन्हीकडे पाहिलं, हाताने 'जा' म्हणून खूण केली. अनिका अर्ध्या रस्त्यात असताना एक करडा पिकअप ट्रक वेग कमी न करता आला. आसावरीने हॉर्न दाबला. हॉर्न ऐकून अनिका दचकली आणि जागच्या जागी उभी राहिली.

ती वाचली. मांडीचं हाड दोन जागी मोडलं, तीन ऑपरेशन्स झाली. ट्रकवाल्यावर केस झाली. पोलिसांनी आसावरीला म्हटलं, तुमची काही चूक नाही. पण त्यानंतर बसची चावी हातात घेतली की तिचा हात लटलटायचा. आपण हॉर्न दिला म्हणून ती थांबली, एवढं एकच वाक्य डोक्यात फिरत राहायचं.

कंपनीने पत्र पाठवलं. ताण आणि चिंता कमी करण्यासाठी हिप्नोसिसची सहा सेशन्स, खर्च कंपनीचा. त्यानंतर कामावर हजर व्हायचं, त्याच रूटवर.

"अगं, फ्री आहे तर जा ना," राजेश म्हणाला. "थोडी रिलॅक्स हो. आणि खरं सांगू? ही नोकरीच सोड यार."

"पोरगी पडली ते त्या स्टॉपमुळे. आणि रिलॅक्स मी होऊ?" आसावरी ओरडली. "स्टॉप तसाच ठेवून मला रिपेअर करून पाठवणार आहेत ते!"

पण हाताची थरथर काही थांबेना. शेवटी ती गेली.

संमोहन करणारी डोरीन नावाची साठीची बाई एका लॉन्ड्रीच्या वर बसायची. खालून वाफेचा आणि स्टार्चचा वास यायचा. आसावरी खुर्चीच्या कडेवर टेकली आणि आल्या आल्या म्हणाली, "तुम्ही मला झोपवून काहीतरी कबूल करून घेणार का?"

"झोपलात तर माझी मेहनत वाया," डोरीन म्हणाली. "तुम्ही जाग्याच असाल. लक्ष फक्त एका जागी असेल. मनाविरुद्ध तुमच्याकडून काही करून घेणं मला जमणार नाही, आणि मी ते करणारही नाही."

तिने पायाच्या बोटांपासून सुरुवात केली. एकेक अवयव आधी आवळायचा, मग सैल सोडायचा. पोटऱ्या, मांड्या, पोट, खांदे, जबडा. "आता दहापासून उलटं मोजा. तुमच्या भाषेत." दहा, नऊ, आठ करत आसावरी चारपर्यंत आली तेव्हा तिला कळलं, की आपण तीन आठवडे दात आवळून बसलो होतो. मन निवांत झालं की अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर दाबायची, म्हणजे पुढे गरज पडेल तेव्हा ती खूण शरीराला आठवते, हेही डोरीनने शिकवलं. दुसऱ्या सेशननंतर आसावरी बस उभ्या असतात त्या यार्डात जाऊन बंद बसमध्ये बसली. चावी फिरवली. हात स्थिर होता. तिला रडू आलं, कारण तिने हे सगळं थोतांड ठरवून टाकलं होतं.

तिसऱ्या वेळी डोरीन हळू आवाजात म्हणाली, "आता तो दिवस डोळ्यांसमोर आणा. अनिका उतरते. या वेळी ट्रक थांबतो. ती शांतपणे पलीकडे जाते. हे चित्र—"

आसावरीने डोळे उघडले.

"ट्रक थांबला नाही. चित्र कशाला बदलू? रस्ता बदला ना! मी हे चित्र घेऊन खूश होऊन तिथे परत थांबले, तर उद्या दुसरं कुणीतरी पडेल, आणि मी शांत असेन. डोरीन, भीती काढा. ती मला नको आहे. पण राग राहू द्या. तो माझा आहे आणि मला लागणार आहे."

डोरीनने वही मिटली. "राग हा आजार आहे असं मी कधीच म्हटलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही बस चालवायला फिट आहात, एवढंच कंपनीच्या फॉर्मवर लिहीन. तुमचं समाधान झालंय, असं लिहिणार नाही."

त्याच संध्याकाळी आसावरी अनिकाच्या घरी गेली. इतके दिवस तिची हिंमत झाली नव्हती. दार अनिकाच्या आईने, शोभनाने उघडलं. आसावरीने तिन्ही ईमेल छापून आणले होते. शोभनाने उभ्या उभ्या वाचले. तिचा चेहरा लाल झाला.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"माहीत असून तुम्ही रोज तिथे थांबत होतात?"

नोकरी होती, रूट होता, वर कळवलं होतं, यातलं काहीही त्या दारात उभं राहून बोलण्यासारखं नव्हतं. "हो," ती म्हणाली. "थांबत होते. मंगळवारी स्कूल बोर्डाची मीटिंग आहे, कंपनीला काम तेच देतात. मी बोलणार आहे. तुम्ही याल?"

शोभनाने दार लावून घेतलं. पण कागद तिने परत दिले नाहीत.

मंगळवारी शाळेच्या कॅफेटेरियात पस्तीसेक माणसं जमली होती. मागच्या रांगेत शोभना बसली होती. आसावरीच्या आधी व्हिन्स बोलला. टाय लावलेला, आवाज मऊ. "आमची ड्रायव्हर फार मोठ्या मानसिक धक्क्यातून गेली आहे. ती अजून उपचार घेते आहे. तिच्या बोलण्याकडे आपण सहानुभूतीने पाहू या."

आसावरीच्या कानशिलात रक्त उसळलं. उपचार यांनीच द्यायचे आणि ते घेतले म्हणून वेडीही यांनीच ठरवायचं! माइकपाशी आल्यावर पहिलं वाक्य तिला आठवेना. माइकखाली तिने अंगठा आणि तर्जनी दाबली, श्वास पोटापर्यंत नेला, सावकाश सोडला. भीती गेली. राग होता तिथेच राहिला, आणि आता तिला नीट बोलता येत होतं.

"हो, मी हिप्नोसिस घेतलं," ती म्हणाली. "व्हिन्सच्या कंपनीनेच पाठवलं. हिप्नोसिसने माझा हात थरथरायचा थांबला. पण त्याने त्या रस्त्यावरची एकही गाडी थांबली नाही. मार्चमध्ये मी लिहिलं, मेमध्ये लिहिलं, सप्टेंबरमध्ये लिहिलं. मार्चमध्ये मला काही धक्का बसला नव्हता. तेव्हा माझं का ऐकलं नाही? एका मुलीचा पाय मोडला, आणि तुम्ही ड्रायव्हरच्या डोक्याला पट्टी बांधताय!"

व्हिन्स म्हणाला, "आसावरी, शांत हो."

"मी शांतच आहे. म्हणून तर मोजून बोलते आहे."

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. शोभना पुढे आली, तिने ते तीन कागद बोर्डाच्या टेबलावर ठेवले आणि माइक न घेता म्हणाली, "मी अनिकाची आई. हे वाचा. आत्ता, मोठ्याने."

बोर्डाच्या अध्यक्षबाईंनी तिन्ही वाचले.

पार्किंगमध्ये आसावरी शोभनाजवळ गेली. शोभना गाडीचं दार धरून उभी होती. "मी तुम्हाला माफ केलेलं नाही," ती म्हणाली.

"मी माफी मागितलीही नाही," आसावरी म्हणाली. "मागायचं तोंड नाही मला."

शोभनाने मान हलवली आणि ती गेली.

बोर्डाच्या सांगण्यावरून पुढच्या सोमवारपासून बस वळून पलीकडच्या बाजूला थांबायला लागली. ती आसावरी चालवत नव्हती. व्हिन्सने तिला बदली ड्रायव्हरच्या यादीत टाकलं, म्हणजे जो गैरहजर असेल त्याचा रूट. तिने युनियनकडे तक्रार केली आहे. सुनावणीची तारीख अजून पडलेली नाही. राजेश म्हणतो, झालं ना तुझ्या मनासारखं, आता सोडून दे. तिची ती बेचाळीस पोरं कुणी दुसराच माणूस नेतो-आणतो, आणि त्याला त्यांची नावंही माहीत नाहीत. त्या विचाराने रोज सकाळी तिचं डोकं तापतं. मग ती यार्डात जाते, मिळेल त्या बसची चावी घेते आणि कामाला लागते.