सिस्टरच्या केसांवर उपचार

त्वचेच्या दवाखान्यात सिस्टर नऊ वर्षं लोकांचं रक्त काढत होती. ते यंत्रात फिरवायचं, वर येणारा पिवळसर द्रव सिरिंजमध्ये भरायचा आणि डॉक्टर मॅडमच्या हाती द्यायचा. मॅडम तो ज्याचा त्यालाच, कुणाच्या चेहऱ्यात तजेल्यासाठी, कुणाच्या टाळूत केस वाढावेत म्हणून टोचायच्या. दोन वर्षांपूर्वी सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हापासून मात्र सिस्टरचेच केस मूठमूठ गळू लागले होते.

"आज तुझा नंबर," एका दुपारी मॅडम म्हणाल्या. "झोप त्या खुर्चीवर."

"अहो मॅडम, मला कुठे मिरवायचंय?"

"झोप म्हणते ना!"

मॅडमनी स्वतः तिचं रक्त काढलं. यंत्र घुमू लागलं. "दहा मिनिटं पडून राहा," असं सांगून त्या बाहेर गेल्या. यंत्राची घरघर ऐकता ऐकता सिस्टरचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं होतं. अंगावर चादर होती. ती धडपडत उठली. "मॅडम, पेशंट ताटकळले असतील!"

"दोघं होते. मीच उरकलं त्यांचं."

"आणि माझं रक्त?"

"टाकून दिलं. दोनदा सुई घेऊन आले गं, पण तू इतकी गाढ झोपली होतीस, की टोचायला हातच धजेना."

सासूबाईंसाठी रात्री उठता उठता दोन वर्षांत सिस्टरला एवढी सलग झोप मिळाली नव्हती.

"पुढच्या मंगळवारी पुन्हा करू," मॅडम म्हणाल्या.

"केसांचं राहू द्या, मॅडम," चादरीची घडी घालत सिस्टर म्हणाली. "मंगळवारी नुसती खुर्ची द्या."