दुसरी बाटली

चाखणीला बसलेल्या माणसाने वाईन गिळायची नसते. तोंडात घ्यायची, जिभेवर खेळवायची आणि समोरच्या पिकदाणीत थुंकायची. ग्लासात उरलेलीही तिथेच ओतायची. नाहीतर चौथ्या ग्लासापाशी सगळ्याच वाईनी गोड लागायला लागतात आणि परीक्षक एकमेकांच्या गळ्यात पडतात. लहानपणी चिमीला या प्रकाराचं फार हसू यायचं. वर्षभर राबून केलेली वस्तू ही शहाणी माणसं थुंकतात आणि वर मान डोलावतात! मग एका वर्षी तिच्या बाबांची वाईन तिच्या सख्ख्या काकाने थुंकली आणि चिमीचं हसू संपलं. त्या दिवसापासून तिने डूख धरला.

काका मोठा नावाजलेला. छोट्या मळ्यांची, घरच्या पिंपांतली वाईन पारखणारा त्याच्यासारखा दुसरा नाही, असं सगळे म्हणत. पाठीमागे त्याला ‘चाखणीस’ म्हणत, जणू दरबारातलं पद. तो नाकाने कांदे सोलायचा आणि दुकानदार ते कांदे टोपलीत गोळा करायचे. त्याला ही विद्या शिकवली कोणी? बाबांनी. त्याचा आयुष्यातला पहिला घोट बाबांच्या पिंपातला. धाकट्या भावाची जीभ आपल्यापेक्षा तल्लख आहे, हे बाबा येईल त्या पाहुण्याला कौतुकाने सांगायचे.

त्या वर्षीच्या चाखणीत बाबांची बाटली उघडली आणि तिचं बूच बिघडलेलं निघालं. बूच बिघडलं की उत्तमातल्या उत्तम वाईनला ओल्या पोत्याचा वास येतो. त्यात करणाऱ्याचा काही दोष नसतो. म्हणून तर प्रत्येकाने दोन बाटल्या आणायच्या असतात. पहिली टेबलावर, दुसरी टेबलाखाली. पहिलीला वास आला तर परीक्षकाने फक्त ‘दुसरी’ म्हणायचं. करणाऱ्याने मात्र चाखणी चालू असताना तोंड उघडायचं नाही.

काका ‘दुसरी’ म्हणाला नाही. “ओलं पोतं,” तो म्हणाला, पांढऱ्या रुमालाने ओठ पुसले आणि पुढच्या ग्लासाकडे वळला. बाकीच्यांनी त्याची री ओढली. बाबा भिंतीपाशी उभ्या उभ्या गार पडले.

घरी येऊन बाबांनी पिंपांच्या तोट्या उघडल्या आणि अख्ख्या हंगामाची वाईन गटारात सोडून दिली. चिमी हात धरायला गेली तर म्हणाले, “माझीच जीभ गेली असेल गं. माझा भाऊ खोटं बोलायचा नाही.” पुढचा हंगाम काही त्यांनी पाहिला नाही. डॉक्टरांनी छातीचं काहीतरी नाव सांगितलं. चिमीने ते लक्षातही ठेवलं नाही. तिला कारण ठाऊक होतं, आणि ते कारण अंत्ययात्रेला पांढराशुभ्र रुमाल घेऊन आलं होतं. पूर्वी ती काकाला मनातसुद्धा ‘अहो काका’ म्हणायची. त्या दिवसापासून ती मनातल्या मनात एकेरीवर आली.

उरली ती फक्त दुसरी बाटली. चाखणीच्या दिवशी आईने ती टेबलाखालून उचलली होती, शालीखाली दडवून घरी आणली होती आणि जिन्याखाली, अंधारात, घोंगडीत गुंडाळून आडवी ठेवली होती. आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं. ती कोणी उघडली नाही. त्यात अमृत आहे की आंब, हे कोणालाच माहीत नव्हतं.

बाबांचा मळा आणि पिंपं चिमीच्या हाती आली. ती राबली, शिकली, तिच्या वाईनीचं चार ठिकाणी नावही झालं. पण ती वाट बघत होती यजमानपदाची. चाखणी दरवर्षी एकेका छोट्या उत्पादकाकडे फिरायची आणि यंदा पाळी चिमीची होती. बाबांच्या वेळी बाटल्यांवरची नावं उघडी असत, आता तसं नव्हतं. यजमानाचे नियम दोन. बाटल्यांवर कापडी पिशव्या चढवून, नुसते आकडे लावून वाईन वाढायची, आणि स्वतः त्या दिवशी थेंबही चाखायचा नाही. हुंगायला हरकत नाही, पण चव घेतली की चेहरा बोलतो. शेवटचा ग्लास तेवढा नाव सांगून द्यायचा. तो यजमानाच्या घरचा, मानाचा.

बेत तिने आईला सांगितला तेव्हा आई खिडकीशी गुडघ्यांना तेल चोळत बसली होती.

“तिसऱ्या आकड्याला बाबांची बाटली,” चिमी म्हणाली. “नाव न सांगता. आणि शेवटी परत तीच, नाव सांगून. नाव ऐकून त्याने वाखाणली, तर तेव्हा खोटं बोलला हे कबूल झालं. थुंकली, तर तिसऱ्याला काय बोलला होता ते बाकीच्या चौघांनी ऐकलेलं असणार.”

“आणि वाईन आंबली असेल तर?”

“तर मग तो खरा ठरला. मी गप्प बसेन जन्मभर.”

आई तेलाचा हात चोळत राहिली. “घे सूड,” ती म्हणाली. “मी काही साध्वी नाही. भावजींचा रुमाल मला अजून स्वप्नात दिसतो. पण एक घोट माझ्यासाठी ठेव, चिमे. ह्यांनी ती माझ्या नावाने केली होती. अजून मुरू दे, मग देतो, म्हणत होते. मुरायचं राहिलंच.” तिने खोकल्याच्या औषधाची एक छोटी बाटली उकळून, उन्हात वाळवून चिमीच्या हातात दिली. चिमीने ती एप्रनच्या खिशात टाकली. माप तिने आधीच पाणी भरून करून पाहिलं होतं. पाच जणांना दोनदा, आणि तळाशी आईचा घोट. बरोबर बसत होतं.

चाखणीच्या सकाळी तिने जपून बूच काढलं आणि नाक लावलं. पोतं नव्हतं. आंब नव्हती. मनुका होत्या, जुनं लाकूड होतं आणि बाबांच्या कामाच्या कोटाचा वास होता. चिमी खुर्चीत बसली आणि थोडा वेळ तिला रडू आवरेना. मग तिने तोंड धुतलं, बाटलीवर पिशवी चढवली आणि तीनचा आकडा बांधला.

परीक्षक जेवणानंतर आले. कोठाराच्या मागच्या खोलीत, खिडकीच्या उजेडात लांब टेबल मांडलं होतं. मधोमध प्रमुख म्हणून काका, एका बाजूला अत्तरं बनवणाऱ्या बाई आणि हॉटेलवाला, दुसऱ्या बाजूला दुकानदार असलेले दोघे साडू, जे एकमेकांकडे बघितल्याशिवाय मत देत नसत. काकाने चिमीकडे बघून मान हलवली. “बरी आहेस?”

“तुमच्या आशीर्वादाने, काका,” चिमी म्हणाली. जिभेला हाड नसतं ते बरं.

पहिली वाईन झाली. दुसरीला काकाने नाक मुरडलं आणि साडूंनी पाठोपाठ मुरडलं. मग चिमीने तिसरी ओतली.

काकाने ग्लास उजेडात धरला. हुंगला. तोंडात घोट घेतला आणि डोळे मिटले. आणि मग चाखणीस, ज्याने इतक्या वर्षांत भल्याभल्यांची वाईन थुंकली होती, त्याने तो घोट गिळला.

“ही थुंकायची वाईन नव्हे,” तो म्हणाला. “ज्याने केली त्याला घाई नव्हती. इतक्यात असं काही तोंडाला लागलं नाही माझ्या.” साडूंनी लगेच माना डोलावल्या. काकाने रिकामा ग्लास पुढे केला. “अजून.”

प्रमुख परीक्षकाने मागितली तर नाही म्हणता येत नाही. पण सांडल्याचं निमित्त करता आलं असतं. चिमीचा हात एप्रनच्या खिशाकडे गेला, छोट्या बाटलीवर थांबला. हा आईचा घोट होता. मग तिने काकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो खुशीत होता, आणि जितका उंच चढेल तितका वरून पडेल, असं तिला वाटलं. ‘शेवटच्या ग्लासांत थोडं थोडं कमी ओतीन,’ तिने स्वतःची समजूत घातली आणि ओतली. काकाने तीही गिळली, सावकाश.

चौथी, पाचवी, सहावी. चिमीला काही ऐकू येत नव्हतं. शेवटी तिने तीन आकड्याची बाटली गुपचूप आत नेऊन ग्लास भरले. कमी ओतायचं ठरवलं होतं, पण बाटली कलती केली तसा पाचव्या ग्लासाला गाळ वर आला. जुन्या वाईनचा गाळ, काळा आणि चिखलासारखा. तळाशी तेवढंच उरलं होतं. तिने बाटलीला पुन्हा पिशवी चढवली, ती बाहेर नेऊन इतरांच्या ओळीत ठेवली आणि ग्लास वाटले.

“हा मानाचा ग्लास,” ती म्हणाली. “माझ्या घरचा. पण माझा नाही, बाबांचा. त्या साली टेबलाखाली राहिलेली दुसरी बाटली.”

साडू काकाकडे बघायला लागले. हॉटेलवाल्याने ग्लास खाली ठेवला. काकाचा चेहरा आधी पांढरा झाला, मग कठीण. इकडे आड, तिकडे विहीर. क्षणभर चिमीला वाटलं की हा माणूस आता ‘चुकलो’ म्हणेल, आणि तिला त्याची भीतीच वाटली. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. काकाने घोट घेतला, तोंडात फिरवला आणि पिकदाणीत थुंकला. ग्लासातली उरलेलीही तिथेच ओतली.

“तेच,” तो रुमालाने ओठ पुसत म्हणाला. “ओलं पोतं. वाईट वाटतं, पण जीभ नाती बघत नाही.”

साडूंनी थुंकलं, ओतलं. “पोतंच,” थोरला म्हणाला. “भिजलेलं,” धाकट्याने पुस्ती जोडली. हॉटेलवाल्यानेही ग्लास पिकदाणीत रिकामा केला. अत्तरवाल्या बाई तेवढ्या ग्लास नाकाशी धरून बसल्या होत्या. त्यांच्यापुढे आणखी एक ग्लास होता. तिसऱ्या वाईनीचा एक घोट त्यांनी मागे ठेवला होता. त्यांनी एकदा हा हुंगला, एकदा तो. मग दोन्हींतलं थोडं थोडं तोंडात घेऊन थुंकलं.

“अहो,” त्या म्हणाल्या, “ह्या दोन्ही एकच आहेत.”

चिमी याच वाक्यासाठी जगली होती. ती टेबलापाशी गेली आणि तीन आकड्याची पिशवी वर ओढली. खाली बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी होती. साल होतं, मळ्याचं नाव होतं, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात आईचं नाव होतं.

“एकच बाटली,” चिमी म्हणाली. “तिसरा ग्लास हिच्यातलाच आणि शेवटचाही. नाव माहीत नव्हतं तेव्हा गिळलीत, काका. मागून घेतलीत. नाव कळल्यावर पोतं झालं. तुमची जीभ चांगली आहे हो, बाबा म्हणायचे तशीच. बिघडलंय ते दुसरंच काहीतरी. तेव्हा एक शब्द बोलायचा होता, ‘दुसरी’. माझा बाप जगला असता.”

घर फिरलं की वासेही फिरतात. थोरला साडू म्हणाला, त्याला वाटलंच होतं. हॉटेलवाल्याने खुर्ची काकापासून हातभर सरकवली. “हे पेपरात छापून येणार बरं का,” तो हलक्या आवाजात म्हणाला. काकाने रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. त्याला कोणी आता जन्मात प्रमुख करणार नव्हतं, आणि हे त्याला चिमीच्या आधी कळलं होतं. चिमीच्या छातीतून काहीतरी गरम वर आलं. बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं तिला.

अत्तरवाल्या बाई उठायला लागल्या. उठण्याआधी जन्माच्या सवयीने त्यांनी समोरचे दोन्ही ग्लास उचलले.

“थांबा!” चिमी ओरडली.

पण ग्लास उलटे झाले होते. पिकदाणीत सगळ्या वाईनी आणि सगळ्यांची थुंकी एक होऊन गेली होती. बाई घाबरून बघत राहिल्या. “काय झालं गं? ओतायचीच असते ना?”

चिमीने बाबांची बाटली औषधाच्या बाटलीवर धरली, उलटी केली, बुडावर थोपटलं. काळा चिखल तोंडापाशी येऊन अडकला.

मंडळी गेली. काका सगळ्यांत शेवटी उठला. कोट घालताना त्याला बाही सापडत नव्हती आणि मदतीला कोणी नव्हतं. चिमी दारात आडवी आली. हॉटेलवाल्याला विचारून काय उपयोग? तो म्हणेल, छान होती. बाबांच्या पिंपातून पूर्वीही प्यायलेला माणूस आता हाच एक उरला होता, आणि ही वाईन पोटात गेली होती तीही ह्याच्याच.

“काका,” ती म्हणाली, आणि तो ‘अहो काका’वाला आवाज तिच्या तोंडून कसा निघाला, तिचं तिलाच कळलं नाही. “कशी होती? आईला सांगायचंय. तिचा घोट तुम्ही प्यायलात. एवढं सांगा मला.”

काकाने तिच्या हातातल्या छोट्या, कोरड्या बाटलीकडे पाहिलं. मग टेबलावरच्या मोठीकडे. हळूहळू त्याला सगळं उमगलं आणि दुपारपासून पहिल्यांदा त्याचा चेहरा सैल झाला.

“दोन घोटांवर कसं सांगणार?” तो म्हणाला. “दुसरी बाटली आण. मग सांगतो.”

तो पायऱ्या उतरून गेला. चिमीने पिकदाणी मोरीत ओतली, टेबल पुसलं, ग्लास विसळून पालथे घातले. मग ती गल्ली चढून घरी गेली. आई गुडघे विसरून दारात उभी होती, हातात पुसून लख्ख केलेला छोटा ग्लास घेऊन.