लॅटिमर नावाची मुलं

आमच्या अलाबामात माहेरचं आडनाव वाया जाऊ देत नाहीत. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या घरी गेली, की पहिल्या मुलाला तेच आडनाव नाव म्हणून देऊन टाकते. त्यामुळे माझ्या भाचीनं, डेल्फीननं, आपल्या बाळाचं नाव लॅटिमर ठेवलं त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. राग आला तो फक्त तिच्या सासूला.

"पळून गेलेल्या माणसाचं नाव माझ्या नातवाला?" व्हर्ना बाळाच्या पाळण्यापाशीच म्हणाली.

"डॅडी पळून गेलेले नाहीत," डेल्फीन एवढंच बोलली.

तिचे डॅडी म्हणजे माझा धाकटा भाऊ, एमस लॅटिमर. बाळ जन्मायच्या दोन वर्षं आधी तो गळ घेऊन मासे धरायला गेला आणि परत आलाच नाही. त्याचा ट्रकसुद्धा सापडला नाही. कुणा बाईबरोबर गेला असणार, असं गावानं ठरवून टाकलं. आमच्या घराण्यातला तो शेवटचा पुरुष. मला मूलबाळ नाही.

बाळाला चर्चमध्ये नेलं तेव्हा पास्टरनी नावाचा अर्थ सांगितला. लॅटिमर म्हणजे दुभाष्या. ज्यांना एकमेकांची भाषा कळत नाही, त्यांच्यामध्ये उभं राहून बोलणारा.

"दात नाहीत अजून, आणि म्हणे दुभाष्या!" व्हर्ना पुटपुटली. मागच्या बाकापर्यंत हशा पिकला.

पण पोर मोठं शहाणं निघालं. रडायचं म्हणून नाही. भूक लागली तरी नुसतं बघत राहायचं. ज्यांची मुलं रात्र रात्र घर डोक्यावर घेत, त्या आया डेल्फीनला म्हणायच्या, "बाई गं, नावाचाच गुण!" थट्टेथट्टेत सुरुवात झाली आणि वर्षभरात गावात आणखी तीन लॅटिमर जन्मले. त्यातली एक तर मुलगी. ती तिघंही रडत नसत.

रविवारी प्रार्थना चालू असताना चर्चच्या मागच्या खोलीत लहान मुलं मी सांभाळते. त्या दिवशी हे चौघंच होते. डेल्फीनचा नुकता चालायला लागला होता, बाकीची रांगती. बाहेर लख्ख ऊन. खेळता खेळता चौघं एकदम थांबली आणि दाराकडे बघू लागली. दारात कुणी नव्हतं. मग चारी माना हळूहळू वळायला लागल्या. खोलीतून कुणी भिंतीच्या कडेकडेनं चालत जावं आणि आपण त्याच्याकडे बघत राहावं, तशा. त्या नजरा माझ्या खुर्चीमागे येऊन थांबल्या आणि चौघं हसली.

माझी मागे वळायची छाती झाली नाही. ओल्या चिखलाचा वास मात्र आला.

प्रार्थना संपल्यावर डेल्फीन आत आली. लॅटिमर डुलत डुलत तिच्याकडे गेला आणि तिनं उचलताच तिच्या गालावर हात ठेवून म्हणाला, "मटारी. गार."

डेल्फीन खालीच बसली. तिला लाडानं 'मटारी' म्हणणारा जगात एकच माणूस होता, एमस. तो गेल्यापासून आम्ही दोघींनी तो शब्द तोंडातून काढला नव्हता.

"आत्या, तू शिकवलंस का याला?"

"नाही गं, देवाशपथ."

मी तिला ओल्या चिखलाचा वास आल्याचं सांगितलं, तशी पाण्याच्या जागा बघायला तिनं मुलाला गाडीत घातलं, मी शेजारी बसले. नदीकडे गेलो, पोर गप्प. तळ्याकडे गेलो, तरी गप्प. शेवटी जुन्या दगडखाणीचा रस्ता लागला. तिथं आता काठोकाठ पाणी भरलंय. तिथं त्यानं खिडकीला दोन्ही हात लावले आणि कुणाला तरी ओळखल्यासारखा हसला.

शेरिफला काय सांगायचं? काठाची माती ढासळलेली दिसतेय, एवढंच डेल्फीननं सांगितलं. पाणबुडे उतरले. ट्रक तळाशी होता, एमस आतच होता, आणि मागे त्याचे गळ तसेच बांधलेले.

दफनानंतर व्हर्ना तळलेली कोंबडी घेऊन आली. डेल्फीनचे हात धरून म्हणाली, "पोरी, माझी जीभ झडायला हवी होती." बाकीच्या तिघी आयांनी मात्र घाबरून आपल्या मुलांना दुसऱ्या नावांनी हाका मारायला सुरुवात केली.

डेल्फीननं नाव बदललं नसतं. पण पोरानं आजोबांची जागा दाखवल्याची बातमी पसरली. शेजारच्या काउंटीतली एक बाई हरवलेल्या मुलीचा फोटो घेऊन दारात आली. "एकदाच विचारा त्याला," म्हणाली. लॅटिमर आईच्या पायांआडून डोकावला. फोटोकडे त्यानं पाहिलंच नाही. त्या बाईच्या खांद्यामागे बघून तो हसायला लागला.

डेल्फीननं त्याला उचललं. "माफ करा, बाळ आहे हो ते," म्हणाली आणि दार लावलं.

स्वयंपाकघरात येऊन ती म्हणाली, "आत्या, डॅडींचं नाव बुडेल."

"बुडू दे," मी म्हटलं.

तेव्हापासून त्याला रीस म्हणतात. सुरुवातीला तो ओ देत नसे, आता देतो. ती बाई अजून अधूनमधून येते. गाडी रस्त्याकडेला उभी करते, काच खाली करते आणि अंगणात खेळणाऱ्या रीसला त्या जुन्या नावानं हलकेच हाक मारते. डेल्फीन तिला हाकलत नाही. मुलाला माझ्याकडे देते, गोड गार चहाचे दोन पेले भरते आणि जाऊन तिच्या शेजारी गाडीत बसते.