बाहेरचं काही खायचं नाही

मी शिवकन्याच्या शेडमधली म्हैस बोलतेय. दूध देत नाही, शेण टाकत नाही. मी गुद्दे खाणारी बॅग आहे, काळ्या रेक्झिनची, माणसाएवढी उंच, पत्र्याच्या शेडमध्ये साखळीला टांगलेली. मला पहिल्यांदा इथं चढवलं तेव्हा शिवकन्याचे वडील शेषेराव दारात उभे राहून म्हणाले होते, "ही काय म्हस आणून बांधलीस गं घरात?" तेच नाव पुढं पडलं.

आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव संशयी आहे. माझ्याजवळ जो येतो तो मारायलाच येतो. कोणी मायेनं हात फिरवला तरी मी बघते की याचा दुसरा हात कुठं आहे.

माझा जन्म शिरूर अनंतपाळच्या बसस्टँडजवळ मकबूलचाचांच्या दुकानात झाला. चाचा ट्रॅक्टरच्या आणि मोटारसायकलच्या सीटा शिवतात. शाळेत जाणारी शिवकन्या मोबाइलमधला फोटो दाखवून म्हणाली, "चाचा, असलं शिवून पायजे." चाचांनी चष्मा वर करून फोटो पाहिला आणि विचारलं, "इसपे सोता कौन है?" त्यांना तो लोड वाटला होता. तरी शिवला. पोटात जुन्या सतरंज्यांच्या चिंध्या आणि लाकडाचा भुसा ठासून भरला, मग स्वतःच एक गुद्दा मारला आणि बराच वेळ मनगट चोळत बसले.

पुढं ते दर ईदला शिरखुर्म्याचा डबा घेऊन घरी यायचे. "पोरीको ताकत होना," म्हणायचे. डबा दिला की शेडमध्ये येऊन माझी शिवण बोटानं ओढून बघायचे. एकदा देऊन टाकलेली वस्तू माणूस इतकी निरखून का बघतो, हे मला तेव्हा कळायचं नाही. मला ते खटकायचंच.

शिवकन्याचा हात फार जड होता. उदगीरचे शिवप्पा सर सुट्टीच्या दिवशी येऊन बॉक्सिंग शिकवायचे आणि तिचा उजवा गुद्दा बसला की मला धरून उभं राहताना मागं सरकायचे. ती जिल्ह्यात जिंकली, राज्यात जिंकली, आणि एका वर्षी देशात पहिली आली. गावानं उघड्या जीपमधून मिरवणूक काढली. जो भेटेल तो तिच्या तोंडात पेढा कोंबत होता आणि ती सगळ्यांच्या हातचं खात होती. परदेशातल्या स्पर्धेसाठी शिबिराचं बोलावणंही आलं.

त्याच दिवसांत तिचा उजवा खांदा सुजला. ती मला नुसत्या डाव्या हातानं मारायची आणि दात ओठ खायची. तिची आई तारामती संध्याकाळी हळदीचं दूध आणून द्यायची. शिवकन्या तोंड वाकडं करायची आणि पिऊन टाकायची. आठवड्याभरात सूज उतरली. मग ईद झाली, शिरखुर्मा झाला, आणि ती शिबिराला गेली.

तिथून ती मान खाली घालून परत आली. लघवीच्या तपासणीत बंदी असलेलं औषध सापडलं होतं. चार वर्षं खेळायचं नाही, असा निकाल लागला. तिचं तेव्हा सत्ताविसावं चालू होतं. बॉक्सरचं पीक ज्या वयात कापणीला येतं, नेमकं तेच वय.

मग शेडमध्ये जो तो येऊन एकच प्रश्न विचारायला लागला. शेषेराव म्हणाले, "बाहेर कुठं काय खाल्लं हुतंस, आठव." शिवप्पा सरांनी तेच विचारलं. शेजाऱ्यांनी तेच. शिबिरातलं जेवण, गाडीतला चहा, मिरवणुकीतले पेढे, सगळं उकरून झालं. आणि बोलता बोलता एक जण म्हणाला, "ईदचं बी खाल्लं हुतं की." त्यानंतर सगळ्यांचा आवाज खाली गेला. कोणी नाव घेतलं नाही. नाव न घेता माणसं किती बोलू शकतात ते मी त्या दिवशी पाहिलं. खरं सांगायचं तर मीही त्यांच्यातच होते. मला ती शिवण ओढून बघणारी बोटं आठवली.

पुढच्या ईदला चाचा डबा घेऊन आले. शिवकन्या दारातच म्हणाली, "चाचा, मी आता बाहेरचं खात न्हाई." डब्याचं झाकणही उघडलं गेलं नाही. चाचांनी डबा उचलला, आणि शेडकडे न बघता निघून गेले. ते परत आले नाहीत. माझी शिवण उसवली तेव्हा शिवकन्यानं त्यावर चिकटपट्टी गुंडाळली.

बंदीच्या काळात गल्लीतल्या पोरी शेडच्या दारात उभ्या राहून बघायच्या. बघता बघता आत आल्या. शिवकन्यानं त्यांना पाय कसे ठेवायचे ते शिकवलं, हनुवटी कशी झाकायची ते शिकवलं, पण सगळ्यांत आधी एक नियम शिकवला: बाहेरचं काही खायचं नाही. पेढा नाही, चहा नाही, दुसऱ्याच्या बाटलीतलं पाणी नाही. किनवटला स्पर्धा होती तेव्हा तिथल्या बायांनी गरम पोहे केले होते. आमच्या पोरींनी ताटाकडे न बघता आपापली भाकरीची फडकी सोडली. त्या बाया हिरमुसल्या म्हणे. आता स्पर्धेला कुठंही गेलं तरी लोक ओळखतात, "शिरूरच्या पोरी का? त्या पाणीबी पीत न्हाईत."

एवढ्या मोठ्या बॉक्सरचं मागं राहिलं ते हे.

बंदी संपल्यावर ती नांदेडला एकदा उतरली. समोरची मुलगी बरीच लहान होती. शिवकन्या गुणांवर हरली. पण त्याचं तिला काही वाटलं नाही. रिंगमध्ये शिरताना गर्दीतून एक जण ओरडला होता, "आज काय खाऊन आलीस गं?" ते लागलं. घरी येऊन तिनं हातमोजे खिळ्याला अडकवले आणि परत काढले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात सृष्टीचा खांदा सुजला. सृष्टी ही आमची सगळ्यात तयार पोरगी. चार दिवसांवर नांदेडची स्पर्धा होती. संध्याकाळी तारामती दुधाचा पेला घेऊन शेडमध्ये आली.

"घे गं, पिऊन टाक. घरचंच हाय."

सृष्टी शिवकन्याची शिष्या. तिनं पेला हातात धरला, पण ओठाला लावला नाही. "काय काय हाय काकू यात?"

"हळद, गूळ अन् बाजारातल्या औषधवाल्याची पुडी. लई गुणाची हाय. हिच्या खांद्याची सूज यानंच उतरली हुती की तवा. ही कडू म्हणून नाक मुरडती, म्हणून न सांगता घालायचे मी."

शिवकन्या एका पोरीच्या हाताला पट्टी बांधत होती. ती थांबली. असल्या पुड्यांत बंदीतल्या गोळ्या कुटून घालतात, हे पोरींना ती स्वतःच कितीदा बजावत आली होती. बाहेर काय खाल्लं हे सगळ्या गावानं विचारलं होतं. घरात काय खाल्लं हे एकानंही विचारलं नव्हतं. तारामतीच्या तर मनातही आलं नव्हतं. तिच्या लेखी ती बंदी कुठल्या तरी शहरी सुईची होती, आणि पुडी म्हणजे झाडपाला.

शिवकन्या माझ्याजवळ आली आणि माझी साखळी धरून उभी राहिली. मी गुद्द्याची वाट पाहत अंग आखडून घेतलं. गुद्दा आला नाही. तिनं कपाळ माझ्यावर टेकवलं आणि तशीच राहिली. रेक्झिन ओलं झालं.

मग डोळे पुसून ती वळली. "आई, पुडी कुठाय?"

"मसाल्याच्या डब्यामागं. उगं सांडू नगंस, तो औषधवाला आता येत न्हाई."

"मला दे ती. सृष्टीला डॉक्टरच्या गोळ्या चालू हायत, दोन्ही जमायचं न्हाई."

"जपून ठेव बरं," तारामती म्हणाली आणि पुडी आणायला गेली. शिवकन्यानं सृष्टीच्या हातातला पेला घेऊन शेडमागं ओतला.

"ताई," सृष्टी हळूच म्हणाली, "हेच का?"

"खांदा शेक जाऊन. अन् तोंड बंद ठेव."

दुसऱ्या दिवशी मला टमटममध्ये घालून मकबूलचाचांच्या दुकानात नेलं. दोन पोरी उचलायला सोबत होत्या. चाचा म्हातारे झालेत. त्यांनी चिकटपट्टीवर बोट फिरवलं आणि विचारलं, "ये किसने किया?"

"मीच," शिवकन्या म्हणाली.

त्यांनी पट्टी सोलली, पोट उघडलं आणि सवयीनं समोरच्या हॉटेलकडे बघून दोन चहा सांगितले. मग आठवण होऊन म्हणाले, "नहीं, एकइच. ये बाहर का नहीं पीती."

"दोनच सांगा, चाचा."

चहा आला. स्टँडवरची माणसं बघत होती, पोरी तर डोळे फाडून बघत होत्या. शिवकन्यानं कप उचलला आणि सगळा प्याली. कप खाली ठेवून ती हलकेच म्हणाली, "घरचंच निघालं, चाचा."

चाचांची सुई थांबली. "भाभी?"

तिनं होकाराची मान हलवली.

"उनको मालूम है?"

"न्हाई."

"तो नक्को बोल. किसीकू बी नक्को बोल." चाचा सुईकडेच बघत होते. "मेरेकू लोगां जो बोलना था सो बोल चुके. माँ को बोले तो वो जीती नहीं रहेगी."

"मी तुमचा डबा परत पाठवला, चाचा."

"डब्बा मेरे पासइच है," चाचा म्हणाले.

तिनं ओढणीच्या टोकातून पुडी काढली. कुठं टाकावी हे तिला कळत नव्हतं. उकिरड्यावर टाकली तर तारामती वेचून आणेल. चाचांनी ती घेतली, माझ्या पोटात अगदी मधोमध ठेवली, वर चिंध्या ठासल्या आणि दुहेरी शिवण घातली.

तेव्हापासून मी पुन्हा शेडमध्ये टांगलेली आहे. पोरींचा नियम तोच आहे, फक्त मकबूलचाचांकडचा चहा आता चालतो. सृष्टीनं तर स्पर्धा जिंकून आल्यावर तो मागून घेतला. तारामती मधूनमधून विचारते, "पुडी हाय ना गं जपून?" शिवकन्या म्हणते, "हाय, आई." आणि बाहेर लोक अजून शिवकन्याच्या नावापुढं तेच बोलतात. तो डाग तिला धुता आला असता. पण धुवायला आईला पुढं करावं लागलं असतं. तिनं ते केलं नाही, आणि कधी करेल असं मला वाटत नाही.

मी आता थकलेय. भुसा खाली बसलाय, गुद्दे पूर्वीसारखे सोसत नाहीत. संशय तर माझा गेलेला नाहीच. आजही कोणी हात फिरवला की मी दुसरा हात शोधते. म्हणून एवढंच मागते. पुन्हा कधी उसवले तर मला मकबूलचाचांकडेच न्या. दुसऱ्या कोणाला माझं पोट उघडू देऊ नका.