शेवटच्या पानावर आर्डिथ आजी

टोस्टरमधून पाव खटकन वर आला आणि घरातली शांतता मोडली. पाळण्यात बाळानं चुळबुळ केली. मी श्वास रोखला. झोपला परत, माझा शहाणा.

याच्याच दुपारच्या झोपांमध्ये मी ते पुस्तक लिहिलं होतं: देशभरातल्या ज्येष्ठ स्वयंसेवकांच्या संघटनेचा इतिहास. त्यात सगळ्यांत जिवंत पान आर्डिथ आजींचं. सरकार ज्येष्ठ स्वयंसेवकांची योजनाच गुंडाळायला निघालं, तेव्हा आयोवातून अकरा म्हाताऱ्यांना घेऊन त्या बसनं वॉशिंग्टनला गेल्या आणि एका खासदाराच्या दारात तीन दिवस मोजे विणत बसल्या. चौथ्या दिवशी त्यानं आत बोलावलं. संघटना उभी राहिली ती त्यानंतर.

शाळेत माझ्या लेकीला, टेसला, वाचायला त्यांनीच शिकवलं. या वसंतात वार्षिक तपासणीत त्यांची नजर कमी भरली आणि नाव स्वयंसेवकांच्या पटावरून काढावं लागलं. काढण्याचं कारण लिहायला, संघटनेत मी सांभाळते त्या तक्त्यात दोनच चौकोन: गाव सोडलं, वारले. त्यांनी गाव सोडलं नव्हतं. बाळ रडत होतं. मी दुसऱ्यावर खूण केली, नंतर दुरुस्त करू म्हणून.

केली नाही. मुख्य कार्यालयानं त्याच तक्त्यावरून पुस्तकाचं शेवटचं, श्रद्धांजलीचं पान छापलं.

आज पुस्तकं आली. उद्या स्वयंसेवकांच्या सत्काराचं जेवण. मी कार्यालयात फोन लावला.

"पाचशे प्रती आहेत, कोरीन," माझ्या वरिष्ठ मार्लिसबाई म्हणाल्या. "आता ते पान काय फाडत बसायचं? तिलाच सांग येऊ नकोस म्हणून."

"त्यांना पंचवीस वर्षांच्या सेवेचं पदक मिळणार होतं."

"मेलेल्या बाईच्या छातीवर पदक लावू? सगळ्यांसमोर? चूक कोणाची आहे, तेही सांगू मग." मी हातातलं पुस्तक मिटून खाली ठेवलं. "हेच म्हणते मी. लाव फोन."

मला ही नोकरी हवी होती. मी आजींना फोन लावला.

"अगं पोरी, बरं झालं केलास!" आजी म्हणाल्या. "आत्ताच केस सेट करून आले. उशीला डोकं टेकणार नाहीये आज, बसूनच झोपेन."

"आजी, उद्या… जागा कमी पडतेय हो. आता पटावर असलेल्यांनाच बोलावलंय."



"हो का," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे. आंधळीला कशाला ताटावर बसवायचं, बाजूच्याच्या बटाट्यात काटा खुपसायची." हसल्या. मग हळूच, "पुस्तकात तरी आहे ना गं मी?"

"आहात."

"मला दिसायचं नाही. टेसला पाठव एकदा पुस्तक घेऊन. ती वाचून दाखवेल. पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकेन."

"पाठवते," मी म्हणाले. माझ्या तोंडातून ते किती सहज निघालं.

फोन ठेवून वळले, तर टेस जमिनीवर बसलेली, मांडीवर पुस्तक, शेवटचं पान उघडं. आजींनी शिकवलं होतं तसं प्रत्येक नावाखाली बोट धरून ती वाचत होती. बोट थांबलं.

"आई, या पानावर मेलेली माणसं आहेत ना?"

"हं."

"मग तू आत्ता कोणाशी बोललीस?"